रुस्तमाचं गाव कोणतं?

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीतला एक लांबलचक लेख आहे. गौतमी बलश्री या राजमातेनं, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी, आपल्या गेलेल्या मुलाची थोरवी दगडात कोरून ठेवली. मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या विशेषणांच्या माळेत एक शब्द येतो : सक-यवन-पल्हव-निसूदन. शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा. कॉलेजात असताना पहिल्यांदा कुणीतरी तो शब्द अक्षर-अक्षर लावून वाचून दाखवला, तेव्हा अंगावर काटा आला होता. आपला राजा जिंकला, एवढंच त्या वयात कळलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी शाहनामा हे फारसी महाकाव्य हाती आलं आणि त्याच्या मागचं संशोधन वाचायला लागलो, तेव्हा हा शब्द पुन्हा समोर येऊन उभा राहिला. इराणच्या सर्वांत मोठ्या वीराची मुळं शोधायला निघालेले अभ्यासक फिरून फिरून याच दोन नावांपाशी येतात : शक आणि पल्हव. आपल्या भिंतीवर ते हरलेले शत्रू आहेत. तिकडे त्यांच्याच मुलखाच्या कुशीतून रुस्तम आला.

रुस्तम कुणाचा, हा प्रश्न आज निव्वळ पंडितांचा राहिलेला नाही. इराणी माणूस त्याला राष्ट्राचा रक्षणकर्ता मानतो. अफगाण म्हणतात, त्याचं झाबूल आमच्याकडे, त्याची आई काबूलची, त्याची बायको समनगानची, मग तो परका कसा? ताजिकांच्या मुलखात त्याची सर्वांत जुनी रंगीत चित्रं सापडली. आपल्याकडेही एक सूर अधूनमधून लागतो, की हा सगळा वेदातलाच मामला आहे, रुस्तम म्हणजे इंद्रच. आणि या सगळ्यांच्या पलीकडे एक वर्ग आहे, त्याला कुठल्यातरी खऱ्या राजाच्या नावाशी रुस्तमाची गाठ मारल्याशिवाय चैन पडत नाही. माझं म्हणणं असं, की हे सगळे दावे एकाच चुकीवर उभे आहेत. वीराला एकच उगम, एकच रक्त, एकच सातबारा असला पाहिजे, असं ते गृहीत धरतात. रुस्तमाच्या बाबतीत पुरावा याच्या उलट आहे, आणि खुद्द त्याचं काव्यही याच्या उलट बोलतं.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तूसचा कवी फिर्दौसी यानं इ. स. १०१०च्या सुमारास शाहनामा पुरा केला. जवळपास पन्नास हजार द्विपदींचं हे काव्य इराणच्या राजांची गोष्ट सांगतं, पण त्याचा प्राण रुस्तम आहे, आणि रुस्तम राजा नाही. तो सीस्तान-झाबुलच्या सरदार घराण्यातला. बाप झाल, पांढऱ्या केसांचा जन्मला म्हणून डोंगरात टाकून दिलेला आणि सीमुर्ग नावाच्या अद्भुत पक्ष्यानं वाढवलेला. आई रूदाबा, काबूलच्या राजाची मुलगी. घोडा रख्श. सात संकटांची वाट, पांढऱ्या राक्षसाचा वध, अजाणता स्वतःच्याच मुलाला, सोहराबला, मारणं, राजपुत्र इस्फंदियारशी नाइलाजानं झालेली झुंज, आणि शेवटी सावत्र भावानं खणलेल्या भाल्यांच्या खड्ड्यात घोड्यासकट मरण. आपल्याकडे ही कथा फारशी वाचली गेली नाही, पण नाव मात्र तालमीपर्यंत पोचलं. कोल्हापूरचे दादू चौगुले ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले तेव्हा लाल मातीतल्या माणसांना या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नव्हता.

आता मुळांकडे येऊ. पहिली गोष्ट, जिच्यापाशी बराच वेळ थांबावं असं मला वाटतं : अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, रुस्तमाचं नावच नाही. शाहनाम्यातला जमशेद आहे, तो तिथे यिम, म्हणजे आपला यम, विवस्वानाचा मुलगा. फरीदून आहे, तो थ्रएतओन, आथ्व्य कुळातला, आपल्या त्रित आप्त्याचा भाऊबंद. झोहाक आहे, तो अझि दहाक, तीन डोक्यांचा साप, आणि त्यातला अझि म्हणजे आपला अहि. कैकाऊससुद्धा आहे, तो कवि उसन, ज्याच्या नावात काव्य उशनस, म्हणजे आपले शुक्राचार्य, ओळखीचे दिसतात. एवढी सगळी मंडळी धर्मग्रंथात हजर असताना शाहनाम्याचा खरा नायक तेवढा गैरहजर. म्हणजे हा माणूस देवळाच्या दारानं आत आलाच नाही. तो दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं, लोकांच्या तोंडून आला.

अवेस्तेत त्याच्या जागी कोण आहे? केरेसास्प. संस्कृतात हेच नाव कृशाश्व असं होईल. साम कुळातला, हातात गदा, राक्षस मारत हिंडणारा तगडा गडी. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. शिंगं असलेला, घोडे आणि माणसं गिळणारा, पिवळं विष ओकणारा एक अजगर पडलेला असतो. केरेसास्पाला तो डोंगरवटाच वाटतो. भर दुपारी तो त्याच्या पाठीवर चूल मांडतो आणि धातूच्या भांड्यात जेवण शिजवायला ठेवतो. खालून आच लागते, अजगराला घाम फुटतो, तो उसळतो, भांडं उलथतं, उकळतं पाणी सांडतं, आणि एवढा मोठा वीर दचकून मागे सरतो. धर्मग्रंथाच्या ओळींत हे वर्णन आहे, आणि त्यात गावाकडच्या चावडीवरच्या गोष्टीचा वास आहे. सीस्तानच्या लोकांनी ही गोष्ट हातची सोडणं शक्यच नव्हतं.

पुढे काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. केरेसास्प हे नाव, साम हे कुळ, आणि ‘नइरे-मनह’ म्हणजे मर्दानी मनाचा हे विशेषण, तिन्ही एकाच माणसाची. शाहनाम्यापर्यंत येता येता या तिघांची तीन माणसं झाली : गर्शास्प, नरीमान आणि साम. एका वीराचं नाव, आडनाव आणि बिरुद यांच्या तीन पिढ्या झाल्या, आणि त्यांच्या शेवटी झाल व रुस्तम जोडले गेले. वंशावळी अशा तयार होतात. ज्याला जिथे मान द्यायचा, त्याला तिथल्या जुन्या घराण्यात दत्तक घेतलं जातं. रुस्तम केरेसास्पाच्या घरात असा दत्तक आला असावा, हे मत मला सर्वांत पटतं. जुन्या मालकाचं घर, गदा आणि अजगर त्याच्याकडे आले. घोडा त्यानं स्वतःचा आणला.

तो आला कुठून? इथे भूगोल बोलायला लागतो. आजच्या इराणचा आग्नेय कोपरा आणि अफगाणिस्तानचा नैऋत्य भाग मिळून जो प्रदेश होतो, त्याला जुन्या काळी द्रंगियाना म्हणत. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात मध्य आशियातून शकांच्या टोळ्या खाली उतरल्या आणि तिथे स्थिरावल्या. मुलखाचं नावच बदललं : सकस्तान, मग सगस्तान, मग सीस्तान. त्याच शकांच्या शाखा पुढे सिंध, मथुरा, उज्जैन आणि आपल्या नाशिक-जुन्नरपर्यंत आल्या. मथुरेच्या सिंहशीर्षावरच्या खरोष्ठी लेखात तर साऱ्या सकस्तानाच्या सन्मानार्थ, असा उल्लेख आहे. गावाकडची आठवण माणूस कुठवर घेऊन जातो पाहा. आणि आपण ज्यांना हरवल्याचं भिंतीवर कोरलं, त्यांच्या नावानं इ. स. ७८पासूनचा काळ आजही मोजतो. पंचांगावर ‘शालिवाहन शके’ छापलं जातं, तेव्हा हरवणारा आणि हरलेला एकाच ओळीत शेजारी बसतात.

रुस्तमाला शाहनाम्यातले त्याचे वैरी ‘सगझी’ म्हणून हिणवतात. सगझी म्हणजे सगस्तानचा. आर्मेनियाचा जुना इतिहासकार मोव्सेस खोरेनात्सी ‘रोस्तोम सगचिक’ असं म्हणतो आणि त्याच्या अंगी १२० हत्तींचं बळ असल्याची इराण्यांची कथा सांगतो. यावरून रुस्तम हा शकांनी बरोबर आणलेला वीर, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो बराचसा पटतो, पण छातीठोकपणे सांगण्याइतका नाही. सगझी म्हणजे शक रक्ताचा असंच नव्हे, नुसता सीस्तानचा रहिवासी असाही अर्थ होतो. कोल्हापुरात चार पिढ्या राहिलेला माणूस मूळचा कुठलाही असो, पुण्यात गेला की कोल्हापूरकरच ठरतो.

जर्मन पंडित मार्क्वार्ट याला एवढ्यानं समाधान नव्हतं. त्यानं रुस्तमाला नाव-गाव असलेला राजा शोधून दिला : गोंदोफर्नेस. इ. स.च्या पहिल्या शतकात सीस्तानपासून तक्षशिलेपर्यंत राज्य करणारा हा इंडो-पार्थियन राजा, म्हणजे आपल्या नाशिकच्या शिलालेखातला पल्हव. पेशावरजवळच्या तख्त-ए-बाहीच्या शिलालेखात त्याच्या राज्याचं २६वं वर्ष नोंदलेलं आहे. हर्झफेल्डसारख्या मोठ्या पुरातत्त्वज्ञानं हे मत उचलून धरलं. आणखी काहींनी सूरेन घराण्याकडे बोट दाखवलं. सीस्तान ही त्या घराण्याची जहागीर, आणि त्यातल्याच एका तरुण सेनापतीनं इ. स. पूर्व ५३मध्ये कर्‍हेच्या मैदानात रोमच्या क्रॅससचा धुव्वा उडवला होता. स्वतः राजा नाही, पण राजाला मुकुट घालण्याचा मान ज्याच्या घराण्याकडे, असा हा माणूस, आणि त्याची वाढती कीर्ती सहन न होऊन राजानंच त्याला मारवलं. रुस्तम आणि त्याच्या राजांचं नातं आठवलं की हे साम्य मनाला भिडतं, हे मी मान्य करतो.

तरीही, रुस्तम म्हणजे अमुकच राजा, असं म्हणण्यानं आपल्या पदरात काय पडतं? गोंदोफर्नेसची नाणी आहेत, लेख आहे, कालखंड आहे. पण मुलाच्या छातीत खंजीर खुपसून मग त्याच्या दंडावरचा ताईत पाहणारा बाप त्या नाण्यांत नाही. त्याच गोंदोफर्नेसला ख्रिस्ती कथांमध्ये संत थॉमसचा यजमान राजा म्हणून जागा मिळाली, आणि बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी कॅस्परच्या नावामागेही तोच असावा, असं मानलं जातं. एका राजाच्या नावावर इतकं काही लटकवता येत असेल, तर तो खुंटी आहे. खुंटीवर टांगलेलं वस्त्र खुंटीनं विणलेलं नसतं.

खुंट्या आणि नावं यांची ही गंमत सीस्तानपुरती नाही. पर्सेपोलिसजवळच्या कड्यात दारयवहु आणि त्याच्या वंशजांच्या थडग्यांचे भव्य दरवाजे कोरलेले आहेत, आणि खाली सासानी राजांची शिल्पं. हे खरे सम्राट. पण लोक कित्येक शतकं त्या कड्याला नक्श-ए-रुस्तम म्हणत आले. थडग्यांतल्या राजांची नावं विसरली गेली आणि कधी तिथे नसलेल्या माणसाचं नाव राहिलं. अफगाणिस्तानातल्या समनगानात आख्ख्या खडकात कोरून काढलेला एक बौद्ध स्तूप आहे. त्याचं आजचं नाव तख्त-ए-रुस्तम, रुस्तमाचं सिंहासन. बुद्धाच्या भिक्षूंनी घडवलेली वास्तू, इराणी वीराचं नाव, आणि ते नाव जपणारे मुसलमान गावकरी. हे वाचल्यावर मला नाशिकच्या त्या टेकडीचंच नाव नव्यानं कळलं. तीही बौद्ध लेणी, आणि आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो. सह्याद्रीतल्या कितीतरी कातळांवर पांडवांचा आणि भीमाचा असाच हक्क आहे. लोकांना इतिहास कळत नाही म्हणून ते असं करतात, असं मला वाटत नाही. जे त्यांना आपलं वाटतं, ते समोरच्या डोंगरावर लिहून ठेवायची त्यांची ही रीत आहे. इतिहासकारानं स्तूपाला स्तूप म्हणावं, लेण्याला सातवाहनांचं आणि क्षहरात शकांचं दान म्हणावं, त्याच्यात कसूर करू नये. पण लोकांची रीत ही चूक म्हणून खोडून टाकायची गोष्ट नाही. तीही एक नोंदच आहे.

फिर्दौसीच्या आधी रुस्तम किती दूरवर गेला होता, याचे पुरावे तर थक्क करणारे आहेत. चीनच्या सरहद्दीवर तुनह्वांगच्या गुहेतल्या ग्रंथसाठ्यात सोग्दी या मध्य आशियातल्या जुन्या भाषेतल्या कागदाचे तुकडे निघाले. एक लंडनला गेला, दुसरा पॅरिसला. जोडून वाचल्यावर कथा लागली. रुस्तम राक्षसांना त्यांच्या शहरापर्यंत पिटाळतो, मग एका कुरणात रख्शचं खोगीर उतरवतो, घोड्याला चरायला सोडतो, स्वतः खातो आणि झोपून जातो. राक्षस फौज जमवून येतात. रख्श त्यांना आधी पाहतो आणि धन्याला जागं करतो. रुस्तम झटकन बिबळ्याचं कातडं अंगावर चढवतो आणि घोड्यावर उडी टाकतो. ही गोष्ट शाहनाम्यात नाही, पण खोगीर उतरवणं, घोडा चरायला सोडणं, हे बारकावे घोड्यावर जगणाऱ्या माणसानंच सांगावेत असे आहेत. आजच्या ताजिकिस्तानातल्या पंजीकंतमध्ये एका सोग्दी घराच्या दिवाणखान्याच्या भिंतींवर आठव्या शतकात याच वीराची चित्रमाला रंगवली गेली. गर्द निळ्या पार्श्वभूमीवर लाल घोडा आणि बिबळ्याच्या कातड्याचा अंगरखा घातलेला स्वार, एका प्रसंगामागून दुसऱ्या प्रसंगात धावणारा. फिर्दौसीच्या जन्माआधी जवळजवळ दोनशे वर्षं. ती चित्रं आता रशियात, हर्मिताज संग्रहालयात आहेत. आणि पैगंबरांच्या जुन्या चरित्रात नद्र इब्न अल-हारिस नावाचा मक्केचा माणूस येतो. तो हीरा शहरात रुस्तम-इस्फंदियारच्या गोष्टी शिकून आला होता आणि माझ्या कथा मुहंमदांपेक्षा सरस आहेत, असं लोकांना सांगत असे.

मक्का, समरकंदच्या आसपासचा मुलूख, चीनची सरहद्द, आर्मेनिया. आता या वीराच्या घरावर कुणाच्या नावाची पाटी लावायची?

आपल्याकडचा दावाही तपासून पाहू, कारण तो मी जवळून ऐकतो. मेहरदाद बहार या इराणी अभ्यासकानं स्वतःच रुस्तमाची इंद्राशी तुलना केली होती. साम्यं आहेतच. दोघांचाही जन्म नेहमीच्या वाटेनं होत नाही. इंद्र आईच्या कुशीतून आडवा बाहेर पडायचं म्हणतो, आणि रूदाबाची कूस चिरून रुस्तमाला बाहेर काढतात. दोघांची भूक-तहान अफाट, दोघंही अहीला मारणारे. शब्दही साक्ष देतात. रुस्तमाच्या गदेला फारसीत गुर्ज म्हणतात. तो शब्द अवेस्तेतल्या ‘वझ्र’ या शब्दावरून आला, आणि तो आपल्या वज्राचा सख्खा भाऊ. मुंबईतल्या अग्यारीत पारशी मुलगा नावर होतो, म्हणजे पुरोहितपदाची पहिली दीक्षा घेतो, तेव्हा त्याच्या हातात बैलाच्या मुखाची गुर्ज असते. सीमुर्ग म्हणजे अवेस्तेतला ‘सएन’ पक्षी, आपला श्येन, सोम आणणारा ससाणा. त्यातला मुर्ग म्हणजे आपला मृग. ऋग्वेदाच्या काळी हा शब्द रानातल्या कुठल्याही प्राण्याला चाले. तिकडे तो पक्ष्यावर थांबला, इकडे हरणावर. कोंबडीला मुर्गी म्हणताना आपण नकळत मृगाच्याच भावंडाला हाक मारतो.

पण मग याच अवेस्तेत इंद्र हा दएव आहे, म्हणजे राक्षस, हे का सांगितलं जात नाही? दोन भावांनी घर वाटून घेतलं, देव्हाऱ्यातल्या मूर्ती वाटल्या, आणि एकाचा देव दुसऱ्याकडे दैत्य झाला. अशा वाटणीनंतर ‘ते सगळं मुळात आमचंच’ म्हणणं हा भाऊबंदकीतला जुना कज्जा झाला. नातं खरं आहे, फार जवळचं आहे, आणि माझ्यासाठी ते अतिशय मोलाचं आहे. मालकी मात्र त्यातून निघत नाही. चुलत भावाचा मुलगा कर्तबगार निघाला म्हणून त्याला आपल्या शिधापत्रिकेवर चढवता येत नाही.

रुस्तम कुणाचा, यावर सर्वांत ठाम साक्ष खुद्द शाहनाम्याची आहे. झाल आणि रूदाबा यांचं प्रेम जमतं, तेव्हा सगळे हादरतात. रूदाबाचा बाप मेहराब हा झोहाकाच्या वंशातला, आणि झोहाक म्हणजे खांद्यावर दोन साप असलेला, त्या सापांना रोज माणसांचे मेंदू चारणारा, इराणचा महावैरी. सम्राट मनूचेहर काबूल जाळून टाकायला फौज पाठवायला निघतो. या घरात मूल झालं तर ते आईच्या बाजूला झुकेल, अशी भीती त्याला वाटते. शेवटी ज्योतिषी उलटं सांगतात : याच दोघांचा मुलगा इराणचा आधार होईल. म्हणजे ज्याला आपण राष्ट्ररक्षक म्हणतो, त्याचा जन्मच मुळी अशुद्ध रक्ताच्या भीतीवर मात करून झालेला आहे.

आणि ही गोष्ट पुढे लपवून ठेवलेली नाही. इस्फंदियार हा राजपुत्र, धर्मवीर, शुद्ध राजवंशाचा. बापाच्या हुकमावरून तो रुस्तमाच्या हातात बेड्या घालायला सीस्तानात येतो. दोघं मद्याचे पेले घेऊन समोरासमोर बसतात, आणि इस्फंदियार कुळ काढतो. तुझा बाप टाकून दिलेला, पाखराच्या घरट्यात उष्टं-खरकटं खाऊन वाढलेला. हे ऐकून रुस्तम काय करतो? तो बापाची बाजू मांडतो, साम-नरीमानांची नावं घेतो, आणि मग आईकडे वळतो. माझी आई मेहराबाची मुलगी, सांगतो, आणि झोहाक हा तिच्या घराण्यातला पाचवा पूर्वज, जगातल्या राजांहून मान उंच असलेला. ज्या नावाला सगळा इराण थुंकतो, ते नाव इराणचा वीर ताठ मानेनं, भर बैठकीत, राजपुत्राच्या तोंडावर उच्चारतो. शाहनाम्यात लढाया पुष्कळ आहेत. माझ्या लेखी या बैठकीइतकं धाडसाचं दुसरं काही नाही.

असा माणूस शुद्ध वंशाच्या झेंड्यावर कसा काय चढवायचा? विसाव्या शतकात तो प्रयत्न झाला. १९३४मध्ये रेझा शाहनं फिर्दौसीची सहस्राब्दी थाटानं साजरी केली, तूसला त्याची भव्य समाधी उभारली. पारशी समाजानं भेट दिलेला कवीचा पुतळा तेहरानच्या चौकात उभा राहिला. भाषेसाठी, स्मृतीसाठी हे चांगलंच झालं. फारसी भाषा फिर्दौसीची ऋणी आहेच. पण त्याच लाटेवर रुस्तमाचं एक गुळगुळीत रूप तयार झालं : आर्य, राजनिष्ठ, सिंहासनाचा पहारेकरी. मूळ रुस्तम राजनिष्ठ खरा, पण कैकाऊस राजा दरबारात अद्वातद्वा बोलतो तेव्हा हा ताडकन उठतो आणि कैकाऊस माझ्यापुढे मूठभर माती, असं सुनावून घोड्यावर बसून चालता होतो. सीस्तानच्या इतिहासावरच्या एका जुन्या फारसी ग्रंथात किस्सा आहे. महमूद गझनवी फिर्दौसीला म्हणाला, तुझ्या शाहनाम्यात रुस्तमाशिवाय आहे काय, आणि माझ्या फौजेत रुस्तमासारखे हजार जण आहेत. कवी म्हणाला, तुमच्या फौजेत किती आहेत मला ठाऊक नाही, पण रुस्तमासारखा दुसरा माणूस देवानं घडवलाच नाही, एवढं मला ठाऊक आहे. नमस्कार करून तो निघून गेला, आणि सुलतान वजिराला म्हणाला, यानं मला तोंडावर खोटं ठरवलं. किस्सा घडला असो वा नसो, हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना एक गोष्ट नीट कळलेली होती : सत्तेला रुस्तमासारखे हजार हवे असतात, आणि तो एकच असतो.

आता त्याच्या गावाचं काय? १८७२मध्ये गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्याच्या लवादानं सीस्तानची वाटणी केली. अर्धा इराणकडे, अर्धा अफगाणिस्तानकडे. त्या मुलखाचा जीव हेल्मंद नदीत. अवेस्तेत तिचं नाव हएतुमंत, म्हणजे सेतुमंत, बांध असलेली. ती वाळवंटातून वाहत येऊन हामून नावाच्या सरोवरात विसावते. झोरोआस्ट्रियन श्रद्धेनुसार याच सरोवरात जरथुष्ट्राचं बीज राखून ठेवलेलं आहे आणि त्यातून जगाचा तारणहार सओश्यंत जन्मणार आहे. १९७३च्या करारानुसार साधारण वर्षी इराणला सेकंदाला २२ घनमीटर आणि सदिच्छेचे म्हणून आणखी ४ घनमीटर पाणी मिळायचं आहे. दुष्काळ पडले, वरती काजकी धरण होतंच, २०२१मध्ये खाली सीमेजवळ कमाल खान धरण सुरू झालं. २०२३च्या मे महिन्यात पाण्याच्या वादाच्या पार्श्वभूमीवर दोन्हीकडच्या सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. हामूनचा मोठा भाग वर्षानुवर्षं कोरडा पडतो. तिथले लोक वेतांच्या मोळ्या बांधून ‘तूतन’ नावाचे तराफे करत, त्यांवरून मासे धरत. सरोवर आटलं की पाखरं गेली, मासे गेले, म्हशी गेल्या. उन्हाळ्यात तिथे जवळजवळ चार महिने वारा सुटतो, त्याचं नावच एकशेवीस दिवसांचा वारा. पूर्वी तो पाण्यावरून यायचा. आता तो तळाची माती उचलून घराघरांत भरतो, आणि माणसं गाव सोडून निघतात.

सीमेच्या अलीकडे रुस्तमाचे पुतळे आहेत, पलीकडे पोरांची नावं रुस्तम आहेत. दोन्ही बाजू म्हणतात, तो आमचा. त्याच्या घरी आज प्यायला पाणी आहे का, हे विचारायला दोन्हीकडे जे बसतात ते करारातल्या घनमीटरांवर अडतात. फारसीत एक म्हण आहे, ‘सोहराब मेल्यावर नोशदारू’. कैकाऊसनं संजीवक औषध वेळेवर दिलं नाही आणि पोरगं गेलं, त्यावरून आलेली. सीस्तानच्या माणसाला ती कुणी शिकवावी लागत नाही.

रुस्तमाच्या सात संकटांतलं दुसरं संकट ना सिंहाचं, ना राक्षसाचं. तहानेचं आहे. रणरणत्या वाळवंटात रख्शचे पाय अडखळतात, रुस्तमाची जीभ कोरडीठाक पडते, आणि तो तप्त मातीवर कोसळतो. तेवढ्यात समोरून एक धष्टपुष्ट मेंढा जातो. रुस्तमाच्या मनात येतं, याचं पाणवठ्याचं ठिकाण कुठेतरी जवळच असणार. तलवारीचा आधार घेत तो उठतो आणि मेंढ्याच्या मागे चालत राहतो. झरा सापडतो. तो पाणी पितो, रख्शला पाजतो, धुतो, आणि मग त्या मुक्या जनावराला दुवा देतो : तुझ्या माळावरचं गवत सदा हिरवं राहो, चित्त्याला तुझी शिकार कधी न मिळो, आणि तुझ्यावर जो बाण रोखेल त्याचं धनुष्य मोडून पडो.